अणुविज्ञान: दवाखान्यात, कारखान्यात आणि पाण्याच्या शोधात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अणुविज्ञान म्हटले की तारापूरची वीज किंवा पोखरणची चाचणी आठवते. या पानावर त्या दोन्हींविषयी काही नाही. रुग्णालयातला स्कॅन, निर्यातीचा आंबा, पाइपलाइनचा जोड, गावाचा झरा अशा ठिकाणी किरणोत्सारी पदार्थ काय काम करतात आणि त्यांच्याबद्दल कोणती भीती रास्त आहे, यासंबंधी लोक जे प्रश्न वारंवार विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे बहुतेक भारतातील, आणि त्यातही महाराष्ट्रातील आहेत, कारण या कामाचा मोठा भाग ट्रॉम्बे, परळ, वाशी, लासलगाव आणि अकोला येथेच उभा राहिला.

हे किरणोत्सारी पदार्थ मुळात तयार कुठे होतात?

निसर्गात मिळणारे किरणोत्सारी पदार्थ या कामाला फारसे उपयोगी पडत नाहीत. लागणारे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) बहुतेक वेळा मुद्दाम बनवावे लागतात. साध्या, स्थिर मूलद्रव्याचा नमुना अणुभट्टीत ठेवला की त्याची केंद्रके न्यूट्रॉन शोषून घेतात आणि किरणोत्सारी होतात. ट्रॉम्बेत १९५६ साली सुरू झालेली ‘अप्सरा’, १९६० ची ‘सायरस’ आणि १९८५ ची ‘ध्रुव’ या संशोधन अणुभट्ट्यांनी हे काम केले. त्यांपैकी सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. कोबाल्ट-६० मात्र मोठ्या प्रमाणात लागते, म्हणून ते राजस्थानातील रावतभाटासारख्या वीजनिर्मिती करणाऱ्या अणुभट्ट्यांत साध्या कोबाल्टच्या कांड्या ठेवून तयार केले जाते. ज्यांचे आयुष्य काही मिनिटांचे किंवा तासांचेच असते असे काही समस्थानिक सायक्लोट्रॉन या त्वरकयंत्रात बनतात. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

चौथा मार्ग कमी लोकांना ठाऊक असतो, तो म्हणजे वापरलेल्या अणुइंधनाचा कचरा. त्यातून सिझियम-१३७ वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवल्या जातात आणि त्या रक्तपेढ्यांतील, रक्तावर किरण टाकणाऱ्या विकिरण यंत्रांत वापरल्या जातात. याच कचऱ्यातून काढलेल्या रुथेनियम-१०६ पासून डोळ्याच्या कर्करोगासाठी डोळ्याच्या गोलाला बाहेरून तात्पुरती शिवता येईल अशी छोटी वाटीसारखी चकती तयार होते. कचऱ्याच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, पण त्यातले काही सोने आधीच वेचले जाते हे सांगितले पाहिजे.

तयार मालाची बाटलीबंदी, तपासणी आणि पुरवठा यांचे काम अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतील ‘ब्रिट’ (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) ही संस्था १९८९ पासून पाहते. तिचे मुख्य संकुल वाशीला आहे.

इतक्या समस्थानिकांतून एखाद्या कामासाठी नेमका कोणता निवडायचा, हे कसे ठरते?

दोन गोष्टी पाहिल्या जातात: त्यातून कोणते किरण बाहेर पडतात आणि त्याचे अर्धायुष्य किती आहे. या पानावरील बाकी सर्व उत्तरे या दोन गोष्टींवर उभी आहेत, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे.

गॅमा किरण आरपार जातात. म्हणून शरीरातून बाहेर येऊन कॅमेऱ्यावर पडण्यासाठी किंवा पोलादाच्या जाड जोडातून जाण्यासाठी ते लागतात. बीटा कण शरीरात काही मिलिमीटरच्या आत आपली ऊर्जा टाकून थांबतात. म्हणून गाठीच्या पेशी मारायच्या आणि शेजारच्या वाचवायच्या, तेव्हा ते उपयोगी ठरतात. अर्धायुष्य म्हणजे पदार्थाची किरणोत्सारिता निम्मी होण्यास लागणारा काळ. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे, म्हणजे त्याची ताकद दरवर्षी साधारण १२ टक्क्यांनी घटते; त्यामुळे कारखान्यात बसवायला ते सोयीचे. आयोडीन-१३१ ला ८ दिवस, टेक्नेशियम-९९एम ला ६ तास, तर फ्लोरिन-१८ ला ११० मिनिटे पुरतात. शरीरात घालायचा पदार्थ लवकर संपणारा हवा आणि यंत्रात बसवायचा टिकणारा, इतका हा हिशेब सरळ आहे. मात्र लवकर संपणारा माल साठवता येत नाही, त्यामुळे या क्षेत्रातील निम्मी डोकेदुखी विज्ञानाची नसून वाहतुकीची असते.

एक्स-रे, सीटी आणि ‘न्यूक्लिअर स्कॅन’ यांत फरक काय?

एक्स-रे आणि सीटीमध्ये किरण यंत्रातून निघतात, शरीरातून जातात आणि अवयवाचा आकार दाखवतात. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये अत्यल्प किरणोत्सारी औषध शिरेतून दिले जाते, ते ठरावीक अवयवात जाऊन बसते आणि तेथून निघालेले किरण गॅमा कॅमेरा टिपतो. त्यामुळे अवयव कसा दिसतो यापेक्षा तो काम कसा करतो हे कळते. मूत्रपिंडे दोन्ही दिसत असली तरी डावे किती आणि उजवे किती काम करते, हृदयाच्या कोणत्या भागाला श्रमाच्या वेळी रक्त कमी पडते, हाडात कर्करोग पसरू लागला आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात.

या तपासण्यांपैकी बहुसंख्य टेक्नेशियम-९९एम वर चालतात. अवघ्या सहा तासांत निम्मा होणारा हा पदार्थ नागपूर किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयात पोहोचतो कसा, हा प्रश्न साहजिक आहे. वास्तविक तो पाठवलाच जात नाही. पाठवले जाते ते त्याचे जनक मूलद्रव्य, म्हणजे ६६ तासांचे अर्धायुष्य असलेले मॉलिब्डेनम-९९. शिशाच्या कवचात ठेवलेल्या ॲल्युमिनाच्या छोट्या नळीत ते घट्ट धरून ठेवलेले असते. सकाळी तंत्रज्ञ त्या नळीतून सलाइन ओढून घेतो. मॉलिब्डेनम मागे राहते आणि रात्रभरात तयार झालेले टेक्नेशियम सलाइनबरोबर कुपीत उतरते. तेच हाडाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या औषधाच्या कुपीत मिसळून रुग्णाला दिले जाते. आठवड्याभरात मॉलिब्डेनम मूळच्या सहाव्या हिश्शावर येते, आणि म्हणून ही नळी, जिला ‘जनरेटर’ म्हणतात, साधारणपणे दर आठवड्याला नवी मागवावी लागते. २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी दुरुस्तीसाठी सव्वा वर्ष बंद पडली, तेव्हा जगभरातील रुग्णालयांत या तपासण्यांच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. मोजक्या अणुभट्ट्यांवर इतके काही अवलंबून असणे शहाणपणाचे नाही, हे त्या वेळी सर्वांना कळले.

पेट स्कॅनला उपाशी का बोलावतात, आणि वेळ चुकली तर चालत का नाही?

पेट (PET) या न्यूक्लिअर स्कॅनमध्ये बहुधा फ्लोरिन-१८ जोडलेली साखर दिली जाते. कर्करोगाच्या पेशी साखर भराभर ओढतात, म्हणून त्या उजळून दिसतात. पोटात नुकतेच अन्न गेले असेल, मधुमेह आटोक्यात नसेल किंवा रुग्ण इंजेक्शननंतर येरझाऱ्या घालत राहिला, तर ती साखर स्नायूंकडे वळते आणि चित्र बिघडते. म्हणून चार ते सहा तास उपास, साखरेची तपासणी आणि इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहणे सांगितले जाते. वेळेचे कारण ११० मिनिटांत आहे. सायक्लोट्रॉनमधून निघालेली मात्रा साडेतीन-पावणेचार तासांत चौथ्या हिश्शावर येते, आणि घाटात गाडी अडकली म्हणून ती थांबत नाही.

थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतल्यावर घरी कसे वागावे?

सर्वाधिक घबराट याच प्रश्नाभोवती असते, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

शरीरात आयोडीन वेचून साठवते ती मुख्यतः थायरॉइड ग्रंथी. ते आयोडीन किरणोत्सारी असले तर त्याचे बीटा कण ग्रंथीतल्या ग्रंथीतच काम संपवतात. ग्रंथी अति काम करत असेल तर कमी मात्रा पुरते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. थायरॉइडच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या पेशी मारण्यासाठी कितीतरी मोठी मात्रा लागते, आणि रुग्णाला दोन-तीन दिवस स्वतंत्र खोलीत ठेवले जाते. त्या खोलीचे शौचालय वेगळे असते व त्याचे सांडपाणी थेट गटारात न सोडता मोठ्या टाक्यांत पुरेसा काळ साठवून मगच सोडले जाते, कारण न शोषलेले आयोडीन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. सुटी देण्यापूर्वी रुग्णापासून ठरावीक अंतरावर किरणांचे मापन होते, आणि नियामकाने घालून दिलेल्या मर्यादेखाली आकडा आल्यावरच घरी सोडले जाते.

कर्करोगाच्या उपचाराआधी एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार घ्यावा लागतो. आयोडीनयुक्त मीठ, समुद्री मासळी आणि सुकट बंद होते. कोकणातल्या घरात हा उपचाराचा सर्वांत कठीण भाग ठरतो, आणि लोणच्या-पापडातले मीठ विसरले जाते ते वेगळेच. घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस वेगळे झोपावे, लहान मुलांना मांडीवर घेऊ नये, गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवावे, पाणी भरपूर प्यावे, शौचालयात दोनदा पाणी सोडावे आणि टॉवेल-अंथरूण वेगळे ठेवावे. गरोदरपणात हा उपचार दिला जात नाही. अंगावर पाजणाऱ्या मातेला त्याआधी स्तनपान कायमचे थांबवावे लागते आणि उपचारानंतर साधारण सहा महिने गर्भधारणा टाळण्यास सांगितले जाते. ताट-वाट्या नेहमीप्रमाणे धुतल्या की पुरे; त्या फेकून देण्याची गरज नसते. आणि हा आजार किंवा हा ‘करंट’ दुसऱ्याला ‘लागत’ नाही. काही घरांत सुनेला महिनोन्महिने बाजूला बसवले जाते, त्याला विज्ञानाचा कसलाही आधार नाही.

कर्करोगावरच्या इतर अणु-उपचारांचे काय?

बाहेरून किरण देणारी कोबाल्ट यंत्रे देशात अनेक वर्षे चालत आहेत. मोठ्या शहरांत त्यांची जागा विजेवर किरण तयार करणाऱ्या लिनिअर ॲक्सिलरेटरने घेतली असली, तरी वीजपुरवठा बेभरवशाचा असेल तिथे कोबाल्ट यंत्र अजूनही उपयोगी आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानावर बनलेले ‘भाभाट्रॉन’ हे यंत्र भारताने काही देशांना भेटही दिले आहे. अलीकडे लक्ष वेधून घेतले आहे ते ल्युटेशियम-१७७ ने. साडेसहा दिवसांहून थोडे अधिक अर्धायुष्य असलेला हा समस्थानिक अशा रेणूला जोडला जातो, जो प्रोस्टेटच्या किंवा चेतासंप्रेरक-पेशींच्या गाठी हुडकून तिथेच चिकटतो. आधी त्याच रेणूला दुसरा समस्थानिक जोडून स्कॅन केला जातो. गाठी उजळल्या तरच उपचार दिला जातो. ज्याला उपयोग होणार नाही त्याला महागडे औषध द्यायचे नाही, ही शिस्त इतर औषधांतही यावी असे वाटते.

या तपासण्यांमुळेच कर्करोग होण्याचा धोका नाही का?

जमीन, आकाश, अन्न आणि घरातील हवा यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावरील परिणामाच्या हिशेबाने मात्रा मोजण्याचे एकक) इतकी नैसर्गिक मात्रा मिळतच असते. छातीच्या एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी, तर हाडांच्या न्यूक्लिअर स्कॅनची साधारण ४ असते. पेट स्कॅनची त्याहून जास्त असते आणि सोबत सीटी असल्यास आणखी वाढते. एवढ्या मात्रेचा धोका फार लहान आहे, पण शून्य मानला जात नाही. म्हणून गरज असेल तेव्हा तपासणी टाळू नये आणि गरज नसताना ‘एकदा सगळे बघून घेऊ’ म्हणून करूही नये. गरोदर असल्यास किंवा तशी शंका असल्यास ते आधीच सांगावे.

सिरिंज आणि हातमोजे गॅमा किरणांनी निर्जंतुक का करतात?

कारण प्लास्टिक वाफेच्या उष्णतेत वितळते आणि गॅमा किरण सीलबंद खोक्याच्या आरपार जातात. ट्रॉम्बेतील ‘आयसोमेड’ हे केंद्र १९७४ पासून हे काम करत आले. खोकी टांगत्या पट्ट्यावरून जाड काँक्रीटच्या खोलीत शिरतात, कोबाल्टच्या कांड्यांच्या चौकटीभोवती फिरतात आणि सर्वसाधारणपणे २५ किलोग्रे (ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या किरणांचे एकक, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे) मात्रा घेऊन बाहेर येतात. काम नसते तेव्हा ती चौकट खोल पाण्याच्या कुंडात उतरवली जाते. वरून पाहिले तर पाण्यात निळसर प्रकाश दिसतो. खोक्यावर एक लहान पिवळी टिकली चिकटवलेली असते. पुरेशी मात्रा मिळाली की ती लाल होते, आणि गोदामातल्या माणसाला एका नजरेत कळते की कोणता माल झाला आणि कोणता राहिला.

विकिरण केलेला कांदा किंवा आंबा किरणोत्सारी होतो का?

होत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अन्नातील कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांची केंद्रके फोडायला ती पुरत नाही. कांद्याला किरण लागतात, कोबाल्टचा कण लागत नाही. तो दुपदरी पोलादी नळीत बंद असतो. उन्हात वाळवलेला पापड रात्री उजेड देत नाही, तसेच हे आहे. किरणे अंगावर पडणे आणि किरणोत्सारी धूळ किंवा द्रव अंगाला लागणे या दोन गोष्टींची गल्लत झाली की सगळे गैरसमज सुरू होतात. आयोडीन घेतलेल्या रुग्णाच्या बाबतीत दुसरी गोष्ट खरी असते, म्हणून तिथे काळजी घेतात. आंब्याच्या बाबतीत फक्त पहिली.

मात्रा कामानुसार बदलते. कांद्याचे कोंब थांबवायला साधारण ६० ग्रे पुरतात, आंब्यातील किडीसाठी किमान ४०० ग्रे लागतात, मसाल्यांतील जंतूंसाठी ६ ते १४ किलोग्रे. अन्न आणि शेती संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये १० किलोग्रेपर्यंतचे विकिरण कोणत्याही अन्नाला निर्धोक ठरवले. काही जीवनसत्त्वे, विशेषतः बी-१, थोडी घटतात. शिजवतानाही ती घटतात. पाकिटावर हिरवे वर्तुळाकार ‘रॅडुरा’ चिन्ह आणि प्रक्रियेचा उल्लेख असणे आपल्याकडे बंधनकारक आहे.

हापूस आणि केशर यांना अमेरिकेची बाजारपेठ २००७ मध्ये पुन्हा उघडली, ती विकिरणामुळेच. तिथल्या अधिकाऱ्यांची हरकत चवीला नव्हती. कोयीत दडणारा भुंगा आपल्या बागांत शिरेल ही त्यांची धास्ती होती. बाहेरून धुऊन किंवा औषध मारून कोयीपर्यंत पोहोचता येत नाही, गॅमा किरण पोहोचतात. सुरुवातीची खेप लासलगावच्या केंद्रातून गेली; पुढे वाशीला पणन मंडळाचे केंद्र उभे राहिले. २०२० आणि २०२१ च्या हंगामांत महामारीमुळे अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर निर्यातच थांबली, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

मग लासलगावलाच केंद्र असताना सगळा कांदा विकिरण करून का साठवत नाहीत?

दर वर्षी भाव कोसळले किंवा भडकले की हा प्रश्न येतो, आणि उत्तर देताना उत्साहाला थोडा लगाम घालावा लागतो. लासलगावचे ‘कृषक’ केंद्र २००२ पासून आहे. विकिरणाने कोंब येणे थांबते, कारण कंदाच्या मधल्या अंकुरातील वाढणाऱ्या पेशी विभागू शकत नाहीत. पण सड थांबत नाही, वजनातील घटही पूर्ण थांबत नाही. बुरशी आणि जिवाणू ६० ग्रेला दाद देत नाहीत. शिवाय प्रक्रिया काढणीनंतर, कांदा नीट सुकवल्यावर आणि तो सुप्तावस्थेत असतानाच करावी लागते. उशीर झाला तर आतला अंकुर हलला असतो आणि मग किरणांचा उपयोग राहत नाही. खरिपाचा लाल कांदा मुळात टिकाऊ नसल्याने हा सगळा विचार उन्हाळ कांद्यापुरताच करायचा.

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहू. चाळीत भरायचा कांदा आधी ट्रॅक्टरने केंद्रात न्यायचा, पोत्यांची चढउतार करायची, त्यात चार कांदे दबायचे, मग परत आणायचा किंवा शीतगृहाचे भाडे भरायचे; आणि एवढे करून ऑक्टोबरात भाव मिळेल याची हमी कोणी देत नाही. विकिरण आणि शीतगृह यांची जोड लावली तर टिकाऊपणा खरोखर वाढतो, पण तो खर्च भावाच्या फरकातून निघाला पाहिजे. तंत्र चोख आहे. अडते ते साठवणुकीच्या अर्थकारणात आणि निर्यातधोरणाच्या धरसोडीत. गॅमा किरणांकडून बाजारभाव स्थिर करण्याची अपेक्षा ठेवू नये. जाता जाता: विकिरण केलेला कांदा बियाण्यासाठी लावून उपयोग नाही, तो उगवणार नाही.

‘टीएजी-२४’ भुईमूग आणि ‘टीएयू-१’ उडीद हे जीएम (जनुकीय बदल केलेले) वाण आहेत का?

नाहीत. जीएम वाणात बाहेरचे जनुक मुद्दाम घातलेले असते; येथे तसे नाही. बियाण्यावर किरण टाकले की त्याच्या जनुकांत यदृच्छया बदल होतात. बहुतेक निरुपयोगी असतात, एखादा कामाचा निघतो. पुढच्या पिढ्यांतून तो हुडकायचा आणि नेहमीच्या संकराने पक्का करायचा, या कामाला आठ-दहा वर्षे जातात. बाहेरचे जनुक कुठलेही घातले जात नाही आणि बियाण्यात किरणोत्सार राहत नाही. नावांतील ‘टी’ ट्रॉम्बेचा आणि ‘ए’ अकोल्याचा, कारण हे वाण भाभा केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढले. १९८५ मध्ये आलेल्या टीएयू-१ ने महाराष्ट्रातील उडदाखालील क्षेत्राचा मोठा हिस्सा व्यापला होता.

कारखान्यांत किरणोत्सारी ‘सोर्स’ कशासाठी ठेवतात?

सर्वांत मोठे काम वेल्डिंग तपासण्याचे. बॉयलर, वायुवाहिनी, जहाज यांच्या जोडात पोकळी किंवा चीर राहिली आहे का, हे वरून दिसत नाही. अशा वेळी इरिडियम-१९२ वापरतात. काही मिलिमीटरचा तो तुकडा, म्हणजेच ‘सोर्स’, जड धातूच्या पेटीत असतो, जिला कामावरची माणसे ‘कॅमेरा’ म्हणतात. काही पेट्यांत कवच चक्क क्षीण युरेनियमचे असते, कारण ते शिशापेक्षा चांगले अडवते. जोडाच्या एका बाजूला फिल्म लावतात, लांबवरून हँडल फिरवून तारेच्या टोकावरचा सोर्स नळीतून जोडाजवळ नेतात, ठरलेली मिनिटे मोजतात आणि परत ओढून घेतात. हे काम बहुधा रात्री, आवारात इतर कोणी नसताना आणि चौफेर दोरी बांधून केले जाते. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथ्या हिश्शावर येते, म्हणून दोरी किती लांब बांधली यालाच खरे महत्त्व. इरिडियम ७४ दिवसांत निम्मे होते. पाच महिन्यांच्या जुन्या सोर्सला त्याच जोडासाठी चौपट वेळ लागतो, आणि ठेकेदाराची घाई तिथे नडते.

या सगळ्या कामात एक पायरी अशी आहे की ती वगळल्यामुळे जगभरात माणसे जखमी झाली आहेत: सोर्स पेटीत परत आला की नाही हे प्रत्येक वेळी मीटर हातात घेऊन तपासणे. हँडल पूर्ण फिरले म्हणजे सोर्स आत आला असे नसते. तो नळीत अडकलेला असू शकतो.

बाकीचे उपयोग थोडक्यात सांगता येतील. तेलशुद्धीकरण कारखान्यातील उंच स्तंभाच्या एका बाजूने सोर्स आणि दुसऱ्या बाजूने मापक खाली सोडत नेला, तर आतली कोणती तबकडी कोसळली आहे हे कारखाना बंद न करता कळते. जमिनीखालच्या वाहिनीत अल्पायुषी समस्थानिक सोडून गळतीची जागा सापडते, आणि मैलभर खोदकाम वाचते. कागद किंवा पत्र्याची जाडी, बंद टाकीतील पातळी हेही किरणांनी मोजतात. मोटारीतील उष्णता सोसणाऱ्या तारांचे आवरण इलेक्ट्रॉनच्या झोताने पक्के केलेले असते, आणि त्यात तर किरणोत्सारी पदार्थ मुळी नसतोच. यंत्राचे बटण बंद केले की किरण संपले.

पाणी आणि पर्यावरण यांच्या अभ्यासात अणुविज्ञान कुठे येते?

पाण्याच्या रेणूत थोडे जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन नैसर्गिकरीत्या असतात. ढग जसजसा उंच चढतो तसतसा जड भाग आधी पडून जातो, म्हणून डोंगरमाथ्यावरचा पाऊस आणि पायथ्याचा पाऊस यांची ओळख वेगळी असते. झऱ्याच्या पाण्यात ती ओळख मोजली की ते पाणी किती उंचीवर मुरले याचा अंदाज येतो. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात गौचर भागात भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ‘हेस्को’ या संस्थेबरोबर असेच पाणलोट शोधले, तिथे छोटे बांध घालून पाणी मुरवले आणि आटत चाललेल्या झऱ्यांचा प्रवाह वाढला. बांध गावाशेजारी सोयीच्या जागी घालायचा की पाणी खरोखर मुरते तिथे, हा प्रश्न सह्याद्रीतल्या वाड्यांनाही चुकलेला नाही.

पाण्याचे वय ट्रिटियमवरून काढतात. १२.३ वर्षांचे अर्धायुष्य असलेला हा किरणोत्सारी हायड्रोजन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या वातावरणातील अणुचाचण्यांमुळे पावसात बेसुमार वाढला होता. विहिरीच्या पाण्यात तो जाणवण्याइतका असेल तर पाणी अलीकडे मुरलेले आहे. अजिबात नसेल तर ते जुने आहे आणि उपसले की लवकर भरून येणार नाही. हजारो वर्षे जुन्या पाण्यासाठी ५,७३० वर्षे अर्धायुष्याचा कार्बन-१४ लागतो. याच कार्बनने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रयोगशाळेने पूर्वी दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचा काळ ठरवायला मदत केली. घोड नदीकाठच्या इनामगावची वस्ती इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली, हे आज आपण निश्चितपणे म्हणतो ते अशाच मोजमापांच्या जोरावर.

बंदरांत उपसलेला गाळ कुठे टाकावा, हाही याच गटातला प्रश्न. गाळासारख्याच बारीक काचेच्या भुकटीत स्कँडियम-४६ घालून ती समुद्रतळाशी सोडतात आणि बोटीतून मापक ओढत ती कुठे वाहते ते पाहतात. मुंबई आणि कोलकात्याच्या बंदरांसाठी असे अभ्यास झाले आहेत. टाकलेला गाळ भरतीबरोबर पुन्हा त्याच खाडीत येत असेल, तर उपसण्याचा खर्च दर वर्षी पाण्यात जातो. अहमदाबादेत २०१९ पासून शहराच्या मैलापाण्याचा सुका गाळ कोबाल्ट-६० ने निर्जंतुक करून खतासाठी वापरण्याचा, दिवसाला १०० टन क्षमतेचा प्रकल्पही आहे.

या सगळ्यावर देखरेख कोणाची?

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेची. सोर्स विकत घेणे, नेणे, वापरणे आणि परत करणे या प्रत्येक टप्प्याला तिची परवानगी लागते. अशा ठिकाणी काम करणारे लोक छातीवर मिळालेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज लावतात, जो बहुधा तीन महिन्यांनी मोजणीसाठी पाठवला जातो. त्यांना मिळणाऱ्या मात्रेची पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये आणि कोणत्याही एका वर्षात ३० ओलांडता कामा नयेत. सर्वसामान्य जनतेसाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. बॅज किरण अडवत नाही, फक्त हिशेब ठेवतो. तो खुंटीवर टांगून कामाला जाणारेही असतात, आणि मग हिशेब खुंटीचा होतो.

जुना सोर्स भंगारात गेला तर काय होते, आणि तो ओळखायचा कसा?

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात हे घडले. एका विद्यापीठात कित्येक वर्षे न वापरलेले विकिरण यंत्र लिलावात विकले गेले, भंगारवाल्यांनी ते फोडले आणि आतील कोबाल्टच्या कांड्या हाताळल्या. अनेक जण गंभीर आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. त्याआधी २००८ मध्ये भारतीय पोलादापासून बनलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० असल्याचे फ्रान्समध्ये आढळले होते. कुठेतरी एखादा सोर्स भंगाराबरोबर भट्टीत वितळला होता. दोन्ही घटनांत विज्ञान चुकले नव्हते, कपाटातली यादी चुकली होती. संस्थेत माणसे बदलतात, यंत्र कोपऱ्यात जाते, आणि ते काय आहे हे सांगणारा कोणी उरत नाही.

पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पात्यांचे काळे किंवा किरमिजी चिन्ह असलेली, आकाराच्या मानाने फार जड लागणारी पेटी किंवा नळी भंगारात, गोदामात वा रस्त्याकडेला दिसली, तर तिला हात लावू नये, ती फोडू नये, खिशात घालून घरी तर मुळीच आणू नये. चिन्ह खरवडलेले असले तरी वजनावरून शंका घ्यावी. सर्वांना लांब करावे आणि ११२ वर पोलिसांना कळवून ‘किरणोत्सारी चिन्हाची वस्तू’ असे स्पष्ट सांगावे. कोणी ती आधीच हाताळली असेल, तर त्या माणसाने हात साबणाने धुवावेत, रुग्णालयात जाऊन कधी आणि किती वेळ हाताळली ते सांगावे. उलट्या किंवा हातावर लालसर डाग दिसले तर डॉक्टर बहुधा आधी विषबाधेचा किंवा भाजल्याचा विचार करतात, म्हणून ही माहिती रुग्णानेच पुढे होऊन द्यावी.